चिखलाचे डाग कोणीं काढावे?

वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं लिहून द्यावें अशी सूचना आली, तेव्हां आम्हीं निवडलेला विषय ऐकून आमचे एक सहशिक्षक हंसले. "अहो सर, साहित्य, विज्ञान, देशभक्ति इतके विषय पडले असतां आपण कपड्यांवरचे चिखलाचे डाग काय घेऊन बसलां?" असें ते म्हणाले. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या गोष्टीपायीं दर पावसाळ्यांत मुलें बोलणीं खातात, आया रात्रीं जागतात आणि घरोघरीं शब्दानें शब्द वाढतो, ती गोष्ट क्षुद्र म्हणतां येत नाहीं. शिवाय या बाबतींत आमच्या हातून एक अपराध घडलेला आहे. तो कबूल केल्यावांचून या विषयावर मत देण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.

वीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही पदवी घेऊन नुकतेच शिक्षकाच्या पेशांत शिरलों होतों आणि दुसऱ्या एका गांवीं, दुसऱ्या एका शाळेंत शास्त्राचे विषय शिकवीत होतों. आषाढाचे दिवस होते. पहिला तास सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गांतील एक मुलगा दाराशीं येऊन उभा राहिला. त्याचा पांढरा सदरा छातीपर्यंत तांबड्या चिखलानें माखला होता. पाऊणएक तासाची पायवाट तुडवून तो शाळेस येत असे. वाटेंत बांधावरून पाय घसरून पडला असावा हें उघड दिसत होतें. परंतु आम्हीं तें विचारलें नाहीं. "शाळेंत आला आहेस कीं नांगर धरायला?" असें कांहींसें आम्ही बोललों. वर्ग हंसला; आणि त्या मुलास दोन तास व्हरांड्यांत उभें राहावें लागलें. त्याच्या वहींत "स्वच्छ गणवेशांत पाठवावें" असा शेराही आम्हीं मारला.

दुसऱ्या दिवशीं तो वेळेवर आला. सदरा ओलसर होता आणि त्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. गणवेश एकच असल्यामुळें तो रात्रीं धुऊन चुलीवर वाळविलेला होता. छातीवर मात्र गेरूच्या रंगाचा एक मोठा ढग तसाच राहिला होता. आम्हीं जवळ बोलावून विचारलें, तेव्हां तो इतकेंच म्हणाला, "आईनं लई घासला, सर. कढत पाण्यात घालून घासला. पण जाईना."

त्या क्षणीं आम्हांस जी लाज वाटली ती अद्याप गेलेली नाहीं. आदल्या दिवशीं तो बाहेर उभा असतां आम्ही आंत "लोखंड गंजतें म्हणजे काय होतें" हाच धडा शिकवीत होतों. ज्या द्रव्याचें सूत्र आम्ही फळ्यावर लिहीत होतों, त्याच जातीचें द्रव्य व्हरांड्यांत त्या मुलाच्या सदऱ्यावर होतें. आणि तें तेथून कसें काढावें हें आम्हांस ठाऊक नव्हतें, ठाऊक असावें असें कधीं मनांतही आलें नव्हतें. पुढें त्या पावसाळ्यांत जोराचा पाऊस लागला कीं तो मुलगा गैरहजर राही. वर्षअखेर हजेरीपट मिटवितांना आम्हीं मोजून पाहिलें. असे अकरा दिवस भरले.

तेव्हांपासून आम्हीं हा विषय अभ्यासाचा मानला. चिखल म्हणजे माती आणि पाणी हें खरें. परंतु माती सर्वत्र सारखी नसते. आमचें बालपण कोंकणांत गेलें आणि नोकरी देशावर झाली, म्हणून दोन्ही चिखलांशीं आमची जुनी ओळख आहे. कोंकणांत व सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाची तांबडी माती आहे. या दगडाचे चिरे कापून घरें बांधितात. मलबारांतील अशाच दगडास फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, 'लॅटराइट' हें नांव दिलें. या मातीचा तांबडा रंग गंजाच्या जातीच्या लोहद्रव्यांचा असतो. देशावरील काळी माती बसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यांतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे आकसते. वैशाखांत शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानें.

आतां कापडाकडे पाहूं. वाळूचा कण दोन मिलिमीटरपर्यंत मोठा असूं शकतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षांही लहान असतो. कापसाचा तंतु त्याच्या कित्येक पट जाड असून पिळलेल्या फितीसारखा असतो. अशा अनेक तंतूंना पीळ देऊन सूत होतें आणि सुतें विणून कापड होतें. म्हणजे डोळ्यांस एकसंध दिसणारें कापड हें वस्तुतः असंख्य बारीक फटींचें घर आहे. ओला चिखल जोरानें चोळला कीं आपण आपल्याच हातांनीं ते कण त्या फटींत ठासून भरतों. त्या माउलीनें दिवसभराच्या कष्टानंतर, रात्रीं जीव ओतून जें केलें, तेंच नेमकें डाग पक्का करणारें होतें. तिला तें सांगणें ज्याचें काम, तो पदवीधर शिक्षक दुसऱ्या दिवशीं पुन्हां सदऱ्याकडे पाहत उभा होता.

गेल्या जुलै महिन्यांत आम्हीं नववीच्या मुलामुलींकडून एक साधा प्रयोग करविला. जुन्या सुती चादरीच्या सारख्या पट्ट्या फाडल्या. निम्म्यांस काळा चिखल फांसला व निम्म्यांस तांबडा. तांबडी माती एका विद्यार्थिनीनें महाबळेश्वराकडील आजोळाहून आणिली होती. कांहीं पट्ट्या ओल्या असतांनाच साबण लावून घांसल्या. कांहीं पुरत्या वाळूं देऊन, झटकून, मग थंड पाण्यांत धुतल्या. ओल्या घांसलेल्या पट्ट्यांवर दोन्ही रंग पसरले आणि आंत बसले. वाळविलेल्या काळ्या पट्टीवर मात्र मौज झाली. वैशाखांतल्या शेताप्रमाणेंच त्या चिखलाला भेगा पडल्या आणि त्याच्या खपल्या आपोआप सुटूं लागल्या. मागें राहिलेला धुरकट डाग एका साबणांत निघाला. तांबडी पट्टी इतक्या सहजासहजीं वठणीवर आली नाहीं. वाळवून धुतल्यावरही तिच्यावर फिकट नारिंगी छटा राहिली. तिला लिंबाचा रस व मीठ चोळून, उघडीप मिळाली तेव्हां उन्हांत ठेवून पुन्हां धुतली. छटा बरीच उतरली. ती साफ गेली असें म्हटल्यास खोटें होईल.

एका चतुर विद्यार्थ्यानें आणखी एका तांबड्या पट्टीस ब्लीचिंग पावडर लावून पाहिली आणि कांहींच फरक पडला नाहीं म्हणून तो खट्टू झाला. खरें पाहतां त्याचा प्रयोग सर्वांत बोधप्रद होता. ही पावडर रंगीत द्रव्यांचा प्राणवायूशीं संयोग घडवून त्यांचा रंग मारते. तांबड्या मातींतील लोह तर अगोदरच प्राणवायूशीं पुरतें संयोग पावलेलें असतें. तेथें तिनें करावयाचें असें कांहीं उरतच नाहीं. लिंबाचें आम्ल मात्र लोहास धरून पाण्यांत उतरवितें. येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे: ब्लीचिंग पावडर आणि लिंबू, किंवा दुसरें कोणतेंही आम्ल, हीं एकत्र कधींही करूं नयेत, त्यांतून क्लोरीन नांवाचा विषारी वायु निघतो.

या सर्व खटाटोपांतून जी रीति निष्पन्न झाली ती अशी. कपड्यावर चिखल उडाला तर प्रथम हात आवरावा. जाड गोळा असेल तर तो चमच्यानें किंवा पट्टीनें अलगद उचलावा, पसरवूं नये. मग कपडा वाऱ्यावर टांगून पुरता वाळूं द्यावा. नंतर झटकून, मऊ ब्रशानें सुताच्या दिशेनें माती काढावी. मग कपडा उलटा करून डागाच्या मागच्या बाजूनें थंड पाणी ओतावें, म्हणजे कण ज्या वाटेनें आले त्या वाटेनें परत जातात. पावसाच्या झडींत कपडा वाळेचना, तर हीच धार न घांसतां बराच वेळ धरावी. पुढें अर्धा तास साबणाच्या पाण्यांत भिजवून हलक्या हातानें चुबकावा आणि पाणी दोनतीनदां बदलावें, कारण गढूळ पाण्यांत सुटलेला मळ फिरून कापडावर बसतो. रस्त्याच्या चिखलांत शेण, पालापाचोळा असें पुष्कळ कांहीं मिसळलेलें असतें. कढत पाण्यानें अशा द्रव्यांपैकीं कांहीं घट्ट धरून बसतात, म्हणून आरंभीं पाणी थंडच हवें. डाग गेल्याची खात्री झाल्याखेरीज इस्त्री फिरवूं नये. रंगीत कापडास लिंबू लावण्यापूर्वीं तें आंतल्या शिवणीवर लावून पाहावें.

पाण्याविषयींही एक शब्द. बहुतेक विहिरींचें पाणी दुष्फेन असतें. त्यांतील क्षारांमुळें साबणाचा फेस होत नाहीं, इतकेंच नव्हे, तर मातीचे कण कापडास अधिक चिकटतात. पावसाचें पाणी सुफेन असतें. ज्या आभाळानें चिखल केला त्यानेंच तो धुण्याचें उत्तम पाणी पागोळीखालीं आणून ठेविलें आहे. एक पातेलें लावण्याचा काय तो आळस!

इतकें झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो, आणि तोच या लेखाचा मथळा आहे. रीति कळली, पण ती करावी कोणीं? पुष्कळ घरांत याचें उत्तर विचारावेंच लागत नाहीं. मुलगा सदरा काढून कोपऱ्यांत टाकतो आणि सकाळीं खुंटीवरून परीटघडीचा सदरा उतरून घेतो. मधल्या काळांत काय घडलें हें त्यास ठाऊक नसतें. जें काम आपल्या डोळ्यांआड होतें, त्याची किंमत आपल्या मनांत शून्य होते. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, पांचवीच्या पुढील प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें आपल्या कपड्यावरील चिखलाचा डाग स्वतः काढावा. "विद्यार्थ्यानें" हा शब्द आम्हीं जाणून आधीं घातला आहे. घरांतील मुलीस हें काम न सांगतां शिकविलें जातें, आणि तिचा भाऊ तिच्याहून मोठा असला तरी त्यास तें सांगूनही शिकविलें जात नाहीं, हें आम्ही पालकसभांतून वारंवार ऐकतों.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, अभ्यासाचा वेळ जातो. आम्हीं घड्याळ लावून पाहिलें आहे: वाळलेला चिखल झटकून डाग धुण्यास मुलांस वीस मिनिटें पुरतात. मोबाइलच्या पडद्यापुढें किती वीस मिनिटें जातात याचा हिशेब पालकांनींच करावा.

दुसरा आक्षेप, घरांत धुलाईयंत्र आहे. असेल तर आनंदच आहे. पण तें सर्वांच्या घरीं नाहीं, आणि जेथें आहे तेथेंही तें चिखल झटकत नाहीं. चिखलाचा कपडा तसाच यंत्रांत टाकला तर एकाची माती त्याच पाण्यांतून सर्वांच्या कपड्यांवर फिरते. झटकण्यासाठीं हातच लागतो. शिवाय जेथें पाणी डोक्यावरून आणावें लागतें, तेथें आधीं झटकलेल्या कपड्यास पाणी कमी लागतें, हा फायदा लहान नव्हे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण तोच सर्वांच्या मुळाशीं आहे: हें हलकें काम आहे. मुलगा उद्यां डॉक्टर व्हावयाचा, त्यानें कपडे काय धुवावे? यावर आम्ही म्हणतों कीं, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरही आपले हात आपणच धुतो. आणि एक उदाहरण देतों. १९१२ सालीं नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले असतां जोहान्सबर्ग येथें त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. न्यायमूर्ति रानड्यांनीं दिलेलें एक उपरणें ते जिवापाड जपत. त्या दिवशीं तें चुरगळलेलें होतें आणि बाहेर इस्त्रीस पाठविण्यास वेळ उरला नव्हता. बॅरिस्टर गांधी म्हणाले, मी इस्त्री करितों. गोखल्यांस त्यांच्या वकिलीचा भरंवसा होता, परिटाच्या कसबाचा नव्हता. तरी गांधींनीं आग्रह धरला, उपरणें नीट इस्त्री करून दिलें आणि त्यांची शाबासकी मिळविली. हा प्रसंग गांधींनीं आत्मकथेंत अभिमानानें सांगितला आहे. त्याच पुस्तकांत, आरंभीं आपण खळ लावलेली कॉलर घालून न्यायालयांत गेलों तेव्हां सहकारी वकील कसे हंसले, हेंही त्यांनीं लपविलेलें नाहीं. कसब पहिल्या दिवशीं येत नसतें. तें ज्यांस येतें त्या परीट मंडळींचा मान राखावयास मनुष्य तेव्हांच शिकतो, जेव्हां त्याच्या स्वतःच्या हातून एक डाग निघतां निघत नाहीं.

आतां शाळेच्या वांट्याचें बोलूं. डाग काढणें हें मुलाचें कर्तव्य असलें, तरी डाग पडणें हा त्याचा गुन्हा नव्हे. १८४८ सालीं पुण्यांत मुलींच्या शाळेंत शिकवावयास निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोक चिखल व शेण फेकीत. त्या दुसरें लुगडें बरोबर नेत आणि शाळेंत पोंचल्यावर तें नेसून शिकवीत, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलें जातें. आज कोणीही विचारशील मनुष्य त्या डागाबद्दल सावित्रीबाईंस नांवें ठेवणार नाहीं. लाज फेकणारांची होती. आम्हीं त्या आठवीतल्या मुलावर चिखल फेकला नव्हता हें खरें. पण जो पाऊस तुडवून शिकावयास आला त्याच्या अंगावरील चिखलाकडे बोट दाखवून आम्हीं वर्गाला हंसविलें. आणि ज्यानें त्यास दुसरा सदरा द्यावयाचा, त्यानेंच त्यास दाराबाहेर ठेविलें. हें आठवलें म्हणजे आपण कोणाच्या रांगेंत उभे होतों, हा प्रश्न आम्हांस सुटत नाहीं.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत, आणि त्यांस फारसा खर्च नाहीं. व्हरांड्याच्या टोंकास नळाजवळ एक बादली, एक ब्रश आणि साबण ठेवावा. शिक्षक-खोलींतील कपाटांत निरनिराळ्या मापांचे चारसहा जुने पण स्वच्छ गणवेश असावे; वर्षअखेर मोठ्या झालेल्या मुलांच्या पालकांनीं ते द्यावे, म्हणजे भिजून आलेल्या मुलास न विचारतां बदलावयास मिळतील. आणि पावसाळ्याच्या आरंभीं एका शनिवारीं शास्त्राचा एक तास, मुलगे व मुली एकत्र बसवून, या कामास द्यावा. लोहाचें सूत्र फळ्यावर लिहावयाचेंच आहे. तें सदऱ्यावर लिहिलेलें दाखविलें तर मुलें विसरणार नाहींत.

आमच्या वर्गापुरता आम्हीं हा नियम केला आहे कीं, चिखलानें भरून आलेल्या मुलास पहिला प्रश्न "लागलें का?" असा विचारावा; डागाचें नंतर पाहूं. त्या जुन्या विद्यार्थ्यास हा प्रश्न आम्हीं विचारला नाहीं. तो आतां तिशी ओलांडून गेला असेल, कदाचित् त्याचीं मुलेंही शाळेस जात असतील. त्यांपैकीं एखादें पुढील जून महिन्यांत, जेथें कोठें असेल तेथें, तांबडें होऊन वर्गाच्या दाराशीं उभें राहिलें, तर तेथील शिक्षकानें त्यास आंत घ्यावें, एवढेंच मागणें करून आम्ही हा लेख पुरा करितों.